लेकींची खुशाली

६ मार्च

वकिलीणबाईंच्या ऑफिसातल्या झाडावर आज एक डाग दिसला. वाटाण्याएवढा, तपकिरी, भोवती पिवळी कड. आधी वाटलं, कुणीतरी कॉफी उडवली असेल. फडक्याने पुसला तर जाईना. नखाने खरवडला तर पान तिथे फाटलंच. वकिलीणबाई मागून म्हणाल्या, “आधीच तुमच्या झाडाला इतकी भोकं, त्यात आणखी एक कशाला?” मॉन्स्टेराच्या पानांना भोकं असणारच, तीच त्यांची ऐट, हे ह्या बाईंना मी कितीदा समजावलं आहे. हसून वेळ मारून नेली. पण नंतरच्या ऑफिसांत माझं चित्त कामावर नव्हतं.

एका डागाला एवढं काय घाबरायचं, असं कुणीही म्हणेल. पण आमची भाड्याने दिलेली सगळी झाडं एकाच वेलीची आहेत. ती वेल आमच्या घरात, पुढच्या खोलीच्या खिडकीपाशी. आईने तिच्या तरुणपणी लावलेली. आई तिला थोरली म्हणायची. “ही माझी थोरली, तुम्ही दोघी तिच्या पाठच्या,” असं पाहुण्यांना सांगायची, आणि खरी थोरली असून मी मधली होऊन बसायचे. तेव्हा राग यायचा. आता आई नाही, आणि तिच्या हातचं अजून वाढतं आहे असं घरात तेवढंच उरलं आहे. थोरलीला काही झालं तर मी काय करीन, ह्याचा विचार मी आज मुद्दाम अर्ध्यावर सोडला.

परत आल्यावर नेहमीप्रमाणे खुशाली दिली. हा आईचा नेम. सकाळी निघताना थोरलीची पानं पुसायची, तेच फडकं घेऊन सगळीकडची झाडं पुसत जायचं, आणि घरी आलं की त्याच फडक्याने थोरलीवरून शेवटचा हात फिरवायचा. लेकींची खुशाली आईला पोचवायची, असं ती म्हणायची. फडकंही तिच्याच जुन्या चादरीचं. इतकं मऊ झालं आहे की पानाला ते लागलेलंही कळत नसेल.

१४ मार्च

दंतवैद्यांच्या दवाखान्यातही डाग. तिथे तर तीन पानांवर. बाहेर बसलेले रोगी आधीच घाबरलेले असतात, त्यांच्यासमोर असलं पिवळं पान म्हणजे कहरच.

बी-बियाणांच्या दुकानात पान दाखवायला घेऊन गेले. दुकानदार तोंडाळ आहे, पण माल चांगला ठेवतो. पान उजेडात धरून म्हणाला, “करपा आहे बाई. बुरशी. दमट हवा मिळाली की पसरते. डागाळलेली पानं कापा, कापायची कात्री दर वेळी स्पिरिटने पुसा, झाडं एकमेकांपासून लांब ठेवा, आणि हे तांब्याचं औषध फवारून तसंच पानावर वाळू द्या. पान ओलं करायचं नाही की चोळायचं नाही.”

मी म्हटलं, “माझा धंदाच पानं चमकवण्याचा आहे.”

“मग चमकवा, आणि पुन्हा औषध न्यायला या. माझं काय जातं?” आणि आपल्याच विनोदावर हसला. मी काही हसले नाही.

१७ मार्च

औषध सुरू केलं. कात्रीच्या बाबतीत मी डोळ्यांत तेल घालून वागते आहे. प्रत्येक पानानंतर स्पिरिट. हातालाही तोच वास, जेवताना घास नकोसा झाला.

एकच पंचाईत झाली. औषध वाळलं की पानावर निळसर पांढरे पट्टे उठतात. वकिलीणबाई म्हणाल्या, “हे काय, चुना लावला की काय?” त्यांच्याकडे मोठमोठे अशील येतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग थोडं थांबले, औषध आत मुरलं असेल असं वाटल्यावर फडकं ओलं करून पट्टे पुसून काढले. पाण्यात चमचाभर दूध, आईच्या पद्धतीने. पानं अशी लखलखली की बाईंनी स्वतःहून “वा!” म्हटलं. दवाखान्यातही तसंच केलं. दिसायला स्वच्छ आणि आतून औषध, दोन्ही साधलं.

घरी येऊन थोरलीला पुसलं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, आज लेकींची खुशाली काही बरी नाही, सांगावी की नाही. मग स्वतःलाच हसले. न सांगून कसं चालेल?

२२ मार्च

धाकटी आली होती. व्यवसाय आम्ही दोघी बहिणी मिळून बघतो, नदीच्या अलीकडची ठिकाणं माझी आणि पलीकडची तिची. तिच्याकडे एकाही झाडाला डाग नाही. हे ती फुशारकीने बोलली नाही, पण मला ते टोचलं.

तिने माझी बादली उचलून पाहिली, फडकं पिळून पाहिलं, आणि म्हणाली, “ताई, रागावणार नसशील तर एक बोलू?”

असं विचारणारी माणसं रागावण्यासारखंच बोलतात. मी म्हटलं, “बोल.”

“हे फडकं आजारी पानावरून चांगल्या पानावर जातं. रोग ह्यानेच पसरत असेल. दर झाडाला वेगळं फडकं घे. नाही तर काही दिवस पुसूच नकोस.”

“आईने इतकी वर्षं ह्याच फडक्याने पुसली. तेव्हा कुठे पसरला रोग?”

“तेव्हा रोग नव्हता, ताई.”

“तेव्हा काळजी घेणारं माणूस होतं.”

हे तिला लागलं. मला लागू द्यायचंच होतं. ती नुसतं बुडाशी पाणी घालते आणि पाठ फिरवते. तिच्या झाडांवर बोटाने नाव लिहावं एवढी धूळ असते. वर मला शिकवते! आई शेवटी अंथरुणाला खिळली होती तेव्हा खुशाली मी आणत होते, धाकटी नव्हे. ती चहा न घेताच गेली. तिच्यासाठी केलेला शिरा मी एकटीने खाल्ला आणि नंतर पोटात दुखलं.

५ एप्रिल

दंतवैद्यांनी झाड परत पाठवलं. सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही, नुसतं झाड लिफ्टमध्ये ठेवून दिलेलं. दार उघडलं तर ते एकटंच वर आलेलं. पानं अर्धी गेली होती आणि उरलेल्यांवर डाग एकमेकांना भिडले होते. कुंडी उचलताना एक पान माझ्या हातातच गळून आलं.

त्याला न्हाणीघरात ठेवलं, थोरलीपासून लांब. झाडं वेगळी ठेवायची हे दुकानदाराचं म्हणणं मी मानते. सकाळ-संध्याकाळ त्याला पुसते, गोंजारते. एकटं पडलं आहे बिचारं. त्यानंतर थोरलीकडे जाते, म्हणजे तिलाही कळावं की ते घरी आलं आहे.

११ एप्रिल

आता माझ्या बाजूला धड असलेली झाडं बोटांवर मोजण्याएवढी उरली. सगळं दुखणं माझ्याच वाट्याला का यावं? मी इतकं करते आणि माझीच झाडं मरतात, ती काहीच करत नाही आणि तिची उभी. ह्यात कुठेतरी पाणी मुरतं आहे.

आज पुसता पुसता एकदम डोक्यात आलं: माती. कुंड्यांची माती धाकटीचा नवरा आणतो. त्याला कधीपासून वाटतं आहे की धाकटीने स्वतंत्र व्हावं. माझ्या वाट्याची पोती निराळी येत असतील तर? मी हे लिहिते आहे आणि माझीच मला लाज वाटते आहे. पण लाज वाटते म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही.

१५ एप्रिल

धाकटी नवऱ्याच्या आईला बघायला परगावी गेली आहे. किल्ल्या माझ्याकडे देऊन गेली, पाणी घालायला. म्हणाली, “फक्त पाणी, ताई. बुडाशी.” मी मान डोलावली.

पलीकडची झाडं खूप दिवसांनी पाहिली आणि गलबलून आलं. हिरवीगार, पण धुळीने नुसती माखलेली. विमा कंपनीच्या ऑफिसातल्या झाडाचा तर मूळ रंगच कळेना. ही आईच्या थोरलीची लेकरं, आणि त्यांच्याकडे कुणी प्रेमाने बघितलेलं नाही. मनात राग होता तो तिथेच विरघळला. ह्यांचा काय दोष? सकाळी माझी ठिकाणं उरकून येताना बादली आणि फडकं बरोबर होतंच. दुपारभर बसून एकूण एक पान पुसलं, खालून, वरून, देठापर्यंत. तिथला पहारेकरी म्हणाला, “आज पहिल्यांदा कळलं की हे झाड खरं आहे.” इतकं समाधान कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

धाकटीला सांगणार नाही. तिचं तिला कळू दे.

३० एप्रिल

कळलं तिला. आज फोनवर तिचा आवाज असा होता की मला वाटलं घरात कुणी गेलं. तिच्या बाजूला सगळीकडे एकदम डाग आलेत.

खरं लिहायचं तर पहिल्या क्षणाला मला बरंच वाटलं. देवा, मी इतकी वाईट आहे का? पण वाटलं खरं. आणि मग मातीचं आठवलं. दोन्हीकडे एकच रोग म्हणजे एकच माती, आता पुरावा आणखी कुठला हवा?

२ मे

धाकटी आणि तिचा नवरा दोघं आले. मी मातीचं बोलून टाकलं. तिचा नवरा उठून उभाच राहिला. “ताई, एकाच पोत्यातली माती दोन्हीकडे जाते. तुम्ही कुणाबद्दल काय बोलताय?” मी म्हटलं, ज्याला कळायचं त्याला कळलं. तो खाली जाऊन गाडीत बसला.

धाकटी हलली नाही. हळू आवाजात म्हणाली, “मी नव्हते तेव्हा तू झाडं पुसलीस?”

“पुसली. कुणीतरी पुसायला नको?”

तिने डोळे मिटले. मग म्हणाली, “ताई, तुझ्या पाया पडते. आजपासून एकाही झाडाला हात लावू नकोस. थोरलीला तर नकोच नको.”

माझ्याच आईचं झाड, माझ्याच घरात, आणि मी हात लावायचा नाही! जसा काही माझा हात अपशकुनी. सख्ख्या बहिणीच्या तोंडून हे ऐकायची वेळ यावी. मी तिला म्हटलं, चालती हो.

ती गेली नाही. थोरलीच्या अगदी वरच्या टोकाशी, छताजवळ, जिथे माझा हात पोचत नाही, तिथली एक फांदी तिने खुर्चीवर चढून कापली. स्वतःची कात्री आणली होती, स्वतःचं फडकं, स्वतःची पिशवी. सगळं ठरवून आलेली. मी विचारलं, “आता वाटणी पण करणार का?” ती म्हणाली, “थोरलीचं एक तरी राहू दे गं कुठेतरी.” पिशवीचं तोंड घट्ट बांधून, मला वळसा घालून ती दाराकडे गेली. मी जवळ गेले असते तरी तिने ती पिशवी मला दाखवली नसती.

दार लागल्यावर मी थोरलीची सगळी पानं पुन्हा पुसून काढली. तिला वाटू नये की घरात कुणाला तिची किंमत नाही.

१९ मे

थोरलीवर डाग.

खालच्या पानावर, खिडकीकडच्या बाजूला. काल नव्हता, मी काल स्वतः तिथून हात फिरवला होता.

२४ मे

डाग रोज वाढतात. सकाळी पुसताना जिथे पान गुळगुळीत लागतं तिथे संध्याकाळी बोटाला खरखर लागते. कापते, फवारते, पट्टे पुसते. औषधाची मात्रा दुप्पट केली. दुकानदार म्हणाला, “वाळू देता ना?” मी म्हटलं, हो. थोडं तरी वाळतंच.

खोलीत आता पूर्वीसारखा उजेड वाटत नाही. खरं तर पानं कमी झाली म्हणजे उजेड वाढायला हवा. बसल्या जागी पान गळल्याचा आवाज येतो. वाळकं नसतं ते, जड असतं, ओलसर, फरशीवर थपकन पडतं. मी लगेच उठून त्या देठाशी पुसून घेते.

धाकटीला फोन करावासा वाटतो. काय सांगू? तू म्हणत होतीस तो रोग तुझ्या मातीतून थोरलीपर्यंत आला म्हणून?

१० जून

वकिलीणबाईंनी प्लॅस्टिकचं झाड घेतलं. मला मुद्दाम बोलावून दाखवलं. “ह्याला काही होत नाही,” म्हणाल्या. त्याच्यावरही धूळ बसणार आहे, हे मी बोलले नाही. माझ्याकडचं आता एकही ठिकाण राहिलं नाही.

रिकाम्या कुंड्या जिन्यात उतरंडीसारख्या रचून ठेवल्या आहेत. शेजारचे कुरकुर करत अंग चोरून जातात.

२७ जून

थोरलीचं खोडही काळं पडलं. दाबलं तर बोट आत गेलं, आणि तो वास. मी हात धुतला, पुन्हा धुतला. एकच पान शिल्लक आहे, हाताएवढं. ते मी दिवसातून कितीतरी वेळा पुसते. दुसरं काय करू शकते मी तिच्यासाठी?

३ जुलै

गेली.

कुंडी अजून खिडकीपाशीच आहे. उचलवत नाही. आई गेली तेव्हा मी रडले नव्हते, सगळे म्हणत होते काय धीराची पोरगी. आज फरशीवर बसून ढसाढसा रडले. फडकं हातातच होतं, त्यानेच डोळे पुसले. दुधाचा आंबूस वास येत होता.

२५ जुलै

धाकटीचा फोन आला. तिला कुणीतरी सांगितलं असावं. ती म्हणाली, “ताई, जेवतेस ना नीट?” बस, एवढंच. माझा सगळा राग त्या एका वाक्यात वाहून गेला. मीही काहीबाही बोलले. मातीचं बोलणं मागे घेतलं. ती म्हणाली, “जाऊ दे गं ते.” मी विचारलं, येऊ का तुझ्याकडे? ती थोडी थांबली. मग म्हणाली, “ये.”

२ ऑगस्ट

आज धाकटीकडे गेले. फळं नेली. तिचा नवरा दारातच भेटला, तोंड भरून हसला आणि काम आहे म्हणून बाहेर पडला. भला माणूस आहे. मी त्याच्याबद्दल काय काय लिहून ठेवलं आहे ह्या पानांत!

बोलता बोलता मी विचारलंच, “फांदी जगली का?” धाकटी मला आतल्या खोलीत घेऊन गेली. दार बंद ठेवलेलं होतं. मांडणीवर छोटी कुंडी, दोन पानं, आणि मधे गुंडाळलेलं कोवळं तिसरं, पोपटी, उघडायच्या बेतात. एकही डाग नाही. मी पलंगावर बसले. धाकटी म्हणाली, “लांबूनच बघ हं, ताई,” आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. पूर्वी हेच शब्द मला झोंबले असते. आज कळलं की धाकटी त्या फांदीला जिवापाड जपते आहे. पलीकडची झाडंही सगळी गेली, जगात आता थोरलीचं एवढंच आहे.

ती चहा टाकायला गेली. मी एकटीच बसले होते आणि खिडकीतून ऊन त्या पानांवर आलं. दोन्ही पानांवर रस्त्याची धूळ होती, बारीक, पण उन्हात स्पष्ट दिसणारी. इतकी जपते, पण पुसत अजून नाही. मला तिचा राग आला नाही. उलट वाटलं, हिच्यासाठी मी एवढं तरी करावं. इतक्या दिवसांचं भांडण, इतके वाईट विचार, त्यांची भरपाई तोंडाने कशी होणार? फडकं पर्समध्ये होतं. न्हाणीघरात भिजवून आणलं आणि दोन्ही पानं हळुवार पुसली, पाठीपोटाने. कोवळं पान घट्ट मिटलेलं होतं. त्याची कड बोटाने जराशी सोडवून आतूनही पुसलं. असं लखलखलं ते छोटंसं झाड!

मान वळवली तर धाकटी दारात उभी. हातात ट्रे. तिचे डोळे भरून आले होते आणि ती त्या पानांकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग पुन्हा पानांकडे. मी म्हटलं, “बघ, कशी दिसते आता. आईला किती बरं वाटलं असतं.”

तिने ट्रे खाली ठेवला. जवळ येऊन माझ्या शेजारी बसली, आणि लहानपणी बसायची तशी माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. मीही रडले. तिने माझ्या हातून फडकं काढून घेतलं, मुठीत गच्च आवळलं, आणि म्हणाली, “राहू दे ताई. राहू दे आता.” मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. चहा निवून गेला, कुणीच प्यायलं नाही.

निघताना तिने मला जिन्यापर्यंत सोडलं, घट्ट मिठी मारली. फडकं मात्र तिने परत दिलं नाही. मीही मागितलं नाही. बरंच झालं, आता पानं पुसायची सवय तिलाही लागेल.